प्रवासात सामान कायमचे हरवू नये म्हणून

लग्नसराईत आणि कुलधर्माच्या दिवसांत इंदूरहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांतून आपल्या घरांतले बरेच सोने-चांदी प्रवास करते. जेजुरीला देवभेटीसाठी नेलेले टाक, आजीची ठुशी, सासूबाईंच्या पाटल्या. असे दागिने नवे घडवता येतात, पण तेच परत मिळत नाहीत. सभासदांसाठी म्हणून ही माहिती देत आहोत.

रेल्वे भरपाई देईल, असा अनेकांचा समज असतो. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 100 प्रमाणे सामान बुक करून पावती घेतलेली नसेल, तर रेल्वे जबाबदार नसते. आपल्या ताब्यातल्या सामानाबाबत तर रेल्वेचा किंवा तिच्या कर्मचाऱ्यांचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. एका प्रवाशाचे कमरपट्ट्यात बांधलेले 1 लाख रुपये गाडीत चोरीला गेले होते. ग्राहक मंचाने दिलेली भरपाई 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

तेव्हा काळजी आपणच घ्यायची. दागिने मोठ्या बॅगेत तळाशी ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, ती आम्हाला मुळीच पसंत नाही. बॅग गेली की सगळेच गेले. छोट्या पाऊचमध्ये, अंगालगत, आणि शक्य तर दोघांत वाटून न्यावेत. मोठ्या बॅगा खालच्या बर्थखाली असलेल्या कड्यांना साखळी-कुलूप लावून बांधाव्यात. एसी डब्यात साखळीची काय गरज, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. साखळी तिथेही लावावी.

निघण्यापूर्वी टाक आणि दागिने यांचे जवळून फोटो काढा, वजन लिहून ठेवा, पावत्यांचेही फोटो घ्या आणि ते सगळे घरी राहणाऱ्या कुणाला तरी पाठवा. ‘एक सोन्याची ठुशी’ एवढ्या वर्णनावरून सापडलेली वस्तू आपलीच आहे हे पटवणे कठीण जाते. बॅगेच्या आतही नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेला कागद ठेवा. नंबर मात्र प्रवासात नसलेल्या नातेवाइकाचा असावा, कारण आपला फोन त्याच बॅगेत असू शकतो! फोनवर *#06# दाबून मिळणारा आयएमईआय क्रमांकही टिपून ठेवा. फोन गेल्यास संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो.

चोरी लक्षात आली की ताबडतोब 139 वर कळवा. तक्रारीचा फॉर्म टीटीई, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडे मिळतो; तो भरून देण्यासाठी प्रवास मोडून मध्येच उतरावे लागत नाही. ‘ही आमची हद्द नाही’ असे कोणी म्हटले, तर झिरो एफआयआरचा आग्रह धरा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीचा प्रश्न आड येत नाही.

बॅग गाडीतच विसरली असेल तर आशा जास्त असते. गाडी क्रमांक, डबा, बर्थ आणि पीएनआर सांगितला की पुढच्या स्थानकावर आरपीएफला ती उतरवून घेता येते. पश्चिम रेल्वेवर, म्हणजे इंदूर-रतलाम-वडोदरा या आपल्या मार्गावरही, आरपीएफ ‘मिशन अमानत’खाली सापडलेल्या सामानाचे फोटो रेल्वेच्या संकेतस्थळावर टाकते. ओळखपत्र, तिकीट आणि मालकीचा पुरावा दाखवून सामान नेता येते.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्यांसाठी एवढेच: बॅग पट्ट्यावर आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून पीआयआरची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात 21 दिवसांत बॅग आली नाही, तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. औषधे, दागिने आणि कागदपत्रे मात्र हातातल्या बॅगेतच ठेवावीत.