तळटीप : ‘पेशींचा मांडव’

* मांडव : हस्तलिखितात इथे आधी ‘स्कॅफोल्ड’ होते, लेखकाने ते खोडून ‘मांडव’ केले. खटकचिंचोळीकडे (ता. भालकी, जि. बीदर) परसात दोडक्याचा वेल चढवतात, तो. शब्द ठेवला आहे. ‘सांगाडा’ म्हटले की वाचकाला हाडेच दिसतात.

रक्तपेशी सोडल्या तर शरीरातल्या बहुतेक पेशी कोलॅजेनसारख्या प्रथिनांच्या आणि पाणी धरून ठेवणाऱ्या शर्करांच्या जाळीत बसलेल्या असतात. या जाळीची नक्कल करणारा पदार्थ म्हणजे हा मांडव. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी तो रेशमापासून घडवला. सेरिजेन ही कंपनी त्याच कामातून निघाली. रेशमाचा कोष सोड्याच्या पाण्यात उकळला की चिकट सेरिसिन सुटते आणि मागे फायब्रॉइनचा पांढरा, पिंजल्या कापसासारखा पुंजका उरतो. तो विरघळवून त्याचा स्पंजासारखा सच्छिद्र ठोकळा करता येतो; पेशी त्या छिद्रांत वस्तीला जातात.

उपमा मात्र दोन ठिकाणी लंगडते. वेल वाळला तरी मांडव उभाच असतो. पेशींचा मांडव मात्र त्यांनी स्वतःची जाळी विणली की विरून जावा, अशी अपेक्षा असते. शिवाय बांबू कडक की लवचीक, याचे दोडक्याला सोयरसुतक नसते. पेशीला असते. एंग्लर आणि डिशर या संशोधकांनी २००६ साली दाखवले की त्याच मूळपेशी मऊ जेलवर चेतापेशींच्या, तर कडक जेलवर हाडाच्या वाटेने जातात.

पुढे ‘मांडव विरला’ असे येईल तिथे छपाईची चूक समजू नये.