नको असलेलें टपाल

टपालाच्या इतिहासांत पत्र कोणीं लिहिलें याची चर्चा पुष्कळ होते. त्याचा भार कोणीं सोसला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नको असलेल्या पत्रांचा उपद्रव समजून घेण्यास मात्र हाच प्रश्न उपयोगी पडतो.

इ. स. १८५४ च्या टपाल कायद्यानें हिंदुस्थानांत, अंतराचा भेद न ठेवतां, पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा हंशील ठरलें. तें आगाऊ न भरल्यास पत्र ‘बेरंग’ जाई व घेणाऱ्यावर दुप्पट आकार पडे. परंतु न उघडतां तें परत करण्याची त्यास मुभा असे. चांद्याच्या अरण्यांतील अहेरीचा रहिवासी असो कीं पुण्याचा, ही मुभा दोघांसही सारखीच. इतर पत्रांचा खर्च पाठविणारा सोशी. १८७९ सालीं निघालेलें पोस्टकार्डही पाव आणा वेंचल्यावांचून जात नसे.

ई-मेलनें ही व्यवस्था उलटी केली. ता. ३ मे १९७८ रोजीं डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थर्क यांनीं ‘आर्पानेट’ जाळ्यावरील सुमारें ४०० जणांस संगणकांची जाहिरात एकदम धाडली. अनाहूत ई-मेलचा हा पहिला प्रसिद्ध दाखला होय. अशा पत्रांस पुढें ‘स्पॅम’ हें नांव पडलें. पाठविणारास चारशें पत्रें एका पत्राहून फारशीं महाग पडलीं नाहींत; तीं निवडून टाकण्याचे श्रम मात्र चारशें जणांच्या वांट्यास आले.

ऑगस्ट १९८२ मध्यें चंद्रपुरापासून निराळा गडचिरोली जिल्हा होऊन अहेरी त्यांत गेली. ई-मेल पोंचविण्याचे नियम त्याच महिन्यांत प्रसिद्ध झाले. पाठविणारा खरोखर तोच आहे कीं नाहीं, हें पडताळण्याची तजवीज त्यांत नव्हती. विद्वानांच्या लहानशा मंडळांत हें खपलें. जाळें जगभर पसरल्यावर बँकांच्या व सरकारी खात्यांच्या नांवानें तोतये पत्रें धाडूं लागले.

कायद्याचा उपायही आपल्याकडे फसला. २००८ च्या दुरुस्तीनें माहिती तंत्रज्ञान कायद्यांत आलेल्या ६६-अ कलमांत त्रासदायक व उगमाविषयीं दिशाभूल करणाऱ्या ई-मेलचा समाचार होता. परंतु शब्दयोजना इतकी सैल कीं, नोव्हेंबर २०१२ मध्यें फेसबुकवरील एका मतप्रदर्शनावरून पालघरच्या दोन तरुणींस झालेल्या अटकेंतही याच कलमाचा आधार घेण्यांत आला. ता. २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तें रद्द केलें. निर्णय योग्यच होता. तथापि त्याबरोबर ई-मेलविषयींची ती तरतूदही गेली.

तेव्हां रक्षणाचें काम बहुतांशीं घेणाऱ्याकडेच राहिलें: अनोळखी पत्रांतील दुवा न उघडणें, उत्तर न देणें, त्यावर ‘स्पॅम’ अशी खूण करणें, आणि बँकेशीं तिच्या ठाऊक असलेल्या पत्त्यावरच बोलणें. घरीं गोंडी किंवा तेलुगु बोलणारा अहेरीचा मनुष्य परक्या भाषेंतलें पत्र उघडतो, तेव्हां केवळ त्याच्या सावधगिरीवर विसंबणें म्हणजे बेरंग पत्राचें दुप्पट हंशील त्याच्याकडून घेऊन, तें नाकारण्याची जुनी मुभा मात्र हिरावून घेणें होय.