शत्रूचा मृत्यू आणि बाबासाहेबांचे एक पत्र

३० जानेवारी १९४८ नंतर काही ठिकाणी मिठाई वाटली गेली. ही चावडीवरची ऐकीव गोष्ट नव्हे. ११ सप्टेंबर १९४८ रोजी सरदार पटेलांनी गोळवलकर गुरुजींना जे पत्र लिहिले, त्यात गांधींच्या मृत्यूनंतर संघाच्या लोकांनी आनंद व्यक्त केला आणि मिठाई वाटली, असे त्यांनी स्पष्ट नमूद केले आहे. देशाच्या गृहमंत्र्याने सहीनिशी लिहिलेली ही नोंद आहे.

दुसरीकडे जे शोक करत होते त्यांनी काय केले? मारेकरी ब्राह्मण निघाला हे कळताच सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या भागांत ब्राह्मणांची घरे पेटली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला गेला. मुंबईत नारायणराव सावरकरांना दगडांनी इतके मारले की ते त्यातून पुरते सावरले नाहीत आणि १९४९ मध्ये वारले. ज्या माणसाने जन्मभर अहिंसा सांगितली त्याच्या नावाने हे घडले. एका बाजूला मिठाई, दुसऱ्या बाजूला रॉकेलचे डबे. इतिहासाच्या पुस्तकांत ह्या दोन्ही गोष्टी भरभर उरकल्या जातात, कारण दोन्ही कुणाच्याच सोयीच्या नाहीत.

मला बोलायचे आहे ते एका तिसऱ्या माणसाबद्दल. ह्या मृत्यूवर आनंद मानण्याचा कुणाला खरोखर काही अधिकार असेल, तर तो ज्याला होता त्याच्याबद्दल. त्याने त्या आठवड्यात काय केले आणि काय लिहिले, हे आपल्या लोकांनी नीट वाचलेले नाही असे मला वाटते.

आधी वैर कशाचे होते ते सांगितले पाहिजे. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ आणि दोन मते दिली. गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबरला त्याविरुद्ध प्राणांतिक उपोषण मांडले. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण आपला माणूस आपणच निवडण्याचा हक्क गेला. पुढे १९४५ च्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी लिहिले की त्यांच्यापुढे दोन कर्तव्ये उभी होती. माणूस म्हणून गांधींचा जीव वाचवणे हे एक, आणि अस्पृश्यांना मिळालेले हक्क वाचवणे हे दुसरे. त्यांनी माणुसकीची हाक ऐकली. म्हणजे ज्या माणसाचा जीव १९३२ मध्ये आपल्या समाजाच्या हक्कांची किंमत मोजून वाचवला होता, त्याच माणसाला १९४८ मध्ये तीन गोळ्या लागल्या. ह्या हिशोबाकडे पाहिले की त्या पत्राचे वजन कळते.

पत्र ८ फेब्रुवारी १९४८ चे आहे, दिल्लीहून डॉ. शारदा कबीर ह्यांना लिहिलेले. त्या अजून सविता आंबेडकर झाल्या नव्हत्या. विवाह १५ एप्रिलचा. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते आणि संविधानाचा मसुदा शेवटच्या हातात होता. गांधींचे आपल्यावर कसलेही ऋण नाही, आपली नैतिक आणि सामाजिक जडणघडण एका बुद्धाची आहे, हे ते आधीच सांगून टाकतात. तरीही खुनाच्या बातमीने आपण फार दुःखी झालो, असे लिहितात. हे कृत्य कुणाच्याही हातून झाले असते तरी नीचच ठरले असते, असे त्यांचे मत आहे. शनिवारी सकाळी ते बिर्ला हाऊसला गेले. देह पाहिला, छातीवरच्या जखमा पाहिल्या आणि हलले. अंत्ययात्रेबरोबर थोडे चालले. पाय साथ देईनात म्हणून घरी परतले. मग पुन्हा यमुनेकाठी गेले, पण गर्दीचे कडे फोडून चितेपर्यंत पोचता आले नाही. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने जर्जर झालेला मनुष्य दोनदा बाहेर पडला. कुणी बोलावले नव्हते, आणि फोटोसाठीही तो गेला नव्हता.

पण पत्र इथे थांबत नाही. थोर माणसे देशाला उपयोगी पडतात, तशी कधी कधी देशाच्या वाटेत धोंडही होऊन बसतात, असे ते पुढे म्हणतात. सीझरच्या खुनाची वार्ता आली तेव्हा सिसेरोने रोमनांना तुमच्या स्वातंत्र्याची घटका आली असे कळवले, ही गोष्ट ते देतात, आणि गांधींच्या खुनाचे दुःख असूनही त्या भावनेचा प्रतिध्वनी आपल्या अंतःकरणात उमटतो हे कबूल करतात. गांधींनी देशातला स्वतंत्र विचार कोंडून टाकला होता. वाइटातूनही चांगले निघू शकते.

ह्या पत्राचे आज दोन तुकडे करून वाटले जातात. ज्यांना समन्वयाचे कीर्तन करायचे असते ते जखमा आणि अंत्ययात्रा घेतात. ज्यांना आंबेडकर कसे द्वेष्टे होते हे दाखवायचे असते ते सिसेरो घेतात. आपल्यातलेही काही उत्साही मित्र दुसराच तुकडा उचलतात आणि टाळ्या घेतात. पत्र मात्र एकच आहे, एका हाताने, एका दिवशी लिहिलेले. दुःख खरे आहे आणि सुटकाही खरी आहे. त्यातले एक दुसऱ्यासाठी दडपावे असे लिहिणाऱ्याला वाटले नाही. शत्रू मेल्यावर मोकळे वाटणे ह्यात मला काहीच गैर दिसत नाही. छातीवरचा पाय निघाला की श्वास येतोच. त्या श्वासाची परवानगी कुणाकडून घ्यायची? पण श्वास घेणे वेगळे आणि मिठाई वाटणे वेगळे. मिठाई वाटणाऱ्याला चारचौघांत सांगायचे असते की खून झाला ते ठीक झाले.

सिसेरोबद्दल इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट जोडतो. सीझर इसवी सनापूर्वी ४४ च्या मार्चमध्ये मारला गेला. सिसेरोने तो आनंद लपवला नाही. पण रोमनांचे स्वातंत्र्य काही आले नाही. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत सिसेरोचेच मुंडके आणि हात रोमच्या सभाचौकात टांगले गेले, आणि शेवटी ऑगस्टसची बादशाही आली. एक माणूस मेला म्हणजे व्यवस्था मेली, असे समजण्याची ती किंमत होती. बाबासाहेबांना रोमचा इतिहास चांगला ठाऊक होता. त्यांनी सिसेरोची भावना घेतली, भरवसा घेतला नाही. पत्रानंतर तेरा दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, संविधानाचा मसुदा घटना समितीच्या अध्यक्षांकडे गेला. आणि १९५५ मध्ये बीबीसीच्या मुलाखतीत ते गांधींवर पूर्वीच्याच कठोरपणे बोलले. इंग्रजीत लिहिणारे गांधी आणि गुजरातीत लिहिणारे गांधी ह्यांत किती अंतर आहे ते सांगितले, त्यांना महात्मा म्हणायला नकार दिला. मेलेल्या माणसाशी वाद संपला, असे त्यांनी मानले नाही. मरणाने वाद मिटतो असे मिठाई वाटणारा आणि आरती ओवाळणारा, असे दोघेही समजतात.

आता आपल्याकडे वळू. शत्रूच्या मृत्यूचा उत्सव ही ह्या देशात नवी गोष्ट नाही, पंचांगात छापलेली गोष्ट आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारिटे फोडतात; तो नरकासुर. गोव्यात त्याचे पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त लिहून ठेवले आहे की दसऱ्याला ब्राह्मणांच्या घरी पिठाचा किंवा तांदळाचा बळी करून उंबऱ्यात ठेवत, आणि सीमोल्लंघनाहून परतलेला घरधनी त्याच्या पोटावर डावा पाय देऊन आपट्याच्या काडीने ते पोट फोडून घरात जाई. त्याच दिवसांत आमच्या आयाबाया ओवाळताना बळीचे राज्य मागत. रावणाचे तर काय सांगावे! वाल्मीकीचा राम बिभीषणाला सांगतो की वैर मरणापाशी संपते, भावाचे संस्कार कर. रामाने एकदा संपवलेले वैर त्याचे भक्त दरवर्षी दारूगोळा भरून पुन्हा सुरू करतात.

अशा उत्सवाने मेलेल्याचे काय होते ते आम्ही आतून पाहिले आहे. बळीचे म्हणणे काय होते, त्याने राज्य कसे केले, हे कुणी विचारत नाही. त्याचे पोट तेवढे उरते, फोडण्यासाठी. दरवर्षी मारता यावा म्हणून त्याला राक्षस म्हणून जिवंत ठेवावे लागते. ज्यांच्या पूर्वजांना अशा रीतीने शतकानुशतके पायाखाली फोडले, त्यांनी तेच कारिटे दुसऱ्याच्या नावाने हातात घ्यावे, हे मला पटत नाही. ह्यात क्षमाशीलतेचा भाग नाही. ते हत्यार कशाचे बनले आहे हे आपल्याला ठाऊक आहे, एवढेच.

गावगाड्यात तर शत्रूच्या मरणाचे आपल्याला कामच असे. मयताचा सांगावा घेऊन पाहुण्यांच्या गावी जाणे आणि सरणाची लाकडे फोडणे ही महाराच्या अंगावरची कामे. १९५८ च्या कायद्याने वतन गेले, तोवर माझ्या आज्यानेही ती केली. ज्याने त्याच्या बापाला चावडीपुढे बडवले होते, त्याच पाटलाच्या मरणाचा सांगावा घेऊन तो पोरवयात उन्हातान्हाचा सात कोस चालला होता. तो सांगायचा, "आंगनाच्या भाईर हुबा ऱ्हाऊन वरडून सांगितलं. बाया माज्याकडं बघून असा गळा काढाय लागल्या, जनू म्याच मारला त्येला." तो हसत सांगायचा, पण मला त्यात येरवडा दिसतो. १९३२ मध्ये गांधी उपोषणात गेले असते तर देशाने कुणाकडे बघून गळा काढला असता आणि नंतर कुणाच्या वस्त्यांत शिरला असता, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. १९४८ ने ते पुराव्यानिशी दाखवले. त्या वेळी मारेकऱ्याची जात वेगळी होती, एवढेच.

मग भीमा कोरेगावचे काय, असा प्रश्न विचारला जातोच. १ जानेवारीला लाखो लोक तिथे जमतात, तो शत्रूच्या मृत्यूचा उत्सव नव्हे काय? विचारणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन स्तंभ वाचावा. त्यावर ४९ नावे आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' प्रत्ययाची. ती कंपनीकडून पडलेल्यांची, म्हणजे आपल्या मेलेल्यांची नावे आहेत; पेशव्यांकडचे किती मेले ह्याची गणती करून कुणी तिथे नाचत नाही. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले ते ह्या नावांसाठी. ज्यांचे नाव गावच्या कुठल्या कागदात राबणाऱ्यांपलीकडे नव्हते, त्यांचे ते दगडावर कोरलेले होते. आणि खुद्द दुसरा बाजीराव? तो लढाईत मेला नाही. सालाना आठ लाखांचे पेन्शन घेऊन बिठूरला राहिला आणि १८५१ च्या जानेवारीत वारला. त्याच्या मरणाची तारीख आपल्यातल्या कुणाला पाठ आहे? महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जे जाळले तेही एक पुस्तक होते, आणि ते जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ह्या जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याने. शत्रू कोण हे ठरवताना त्या चळवळीने केवढी काळजी घेतली होती!

तरी पेच उरतोच, आणि तो पुस्तकी नाही. नामांतराला शेवटपर्यंत विरोध केलेला एक स्थानिक पुढारी वारला, तेव्हा आमच्या महाविद्यालयात शोकसभा ठेवली. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या आजीचे घर १९७८ च्या दंगलीत जळाले होते. त्याने विचारले, "सर, दोन मिनिटं उभं राहावंच लागतं का?" मी म्हणालो, लागत नाही. मग त्याने मोबाइल दाखवला. फटाक्यांची माळ लावलेले चित्र त्याने सगळ्यांना पाठवायला काढून ठेवले होते. त्यावर आमचा बराच वेळ वाद झाला. त्याचे म्हणणे, शोक खोटा आणि आनंदही करायचा नाही, मग आम्ही करायचे तरी काय? शेवटी त्याने ग्रंथालयात बसून त्या पुढाऱ्याची त्या काळची जाहीर भाषणे वर्तमानपत्रांतून उतरवून काढली आणि तारखांसह फळ्यावर लावली. काही प्राध्यापकांना ते शोभले नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, असे म्हणाले. त्यांना माझे उत्तर एवढेच की तो मुलगा काहीच बोललेला नाही, बोलला आहे तो मेलेला माणूसच.

आणखी एक तारीख नोंदवतो. गांधी खून खटल्यात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ह्यांना फाशीची शिक्षा १० फेब्रुवारी १९४९ ला झाली. त्यावरचे अपील सिमल्याला उच्च न्यायालयापुढे होते आणि निकाल लागला २१ जूनला. त्या दोन तारखांच्या मधे, ३ जून १९४९ रोजी, घटना समितीत सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अधिकारांवर चर्चा चालली असता बाबासाहेबांनी सांगितले की अपिलाची तरतूद करत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत आहे. अहिंसा हे नीतितत्त्व मानणाऱ्या देशाला तेच शोभेल. दोन गोष्टींचा संबंध मी लावत नाही, लावायला पुरावा नाही. पण देशातला सर्वांत गाजलेला फाशीचा खटला तेव्हा चालू होता, आणि सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला तो माहीत होता. गांधींच्या मुलांनीही, मणिलाल आणि रामदास ह्यांनी, मारेकऱ्यांना फाशी देऊ नये अशी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी दिली गेली. त्यानंतर अकरा दिवसांनी संविधान स्वीकारले गेले, आणि फाशीची शिक्षा कायद्यात तशीच राहिली.