स्त्रीबीजाचे ३६ तास

टेस्ट ट्यूब बेबीचा इतिहास बहुतेक जण २५ जुलै १९७८पासून सांगतात. त्या दिवशी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे लुईस ब्राउन जन्मली. माझ्या मते ही सुरुवात तेरा वर्षे उशिरा धरलेली आहे. अपक्व मानवी स्त्रीबीज शरीराबाहेर किती वेळात पिकते, याचे खात्रीचे उत्तर संशोधक रॉबर्ट एडवर्ड्स यांनी १९६५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले आणि पुढची सगळी इमारत त्याच उत्तरावर उभी राहिली. आज आयव्हीएम या नावाने ओळखली जाणारी, कच्ची बीजे प्रयोगशाळेत पिकवण्याची पद्धत ही आयव्हीएफला, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्राला, अलीकडे फुटलेली फांदी समजली जाते. खरे तर ती त्याचे मूळ आहे.

मुलीच्या जन्माआधीच तिच्या बीजांडकोशातली बीजे विभाजनाच्या पहिल्या टप्प्यावर थांबलेली असतात. वयात आल्यावर संप्रेरकाचा इशारा मिळाला की त्यांतले एखादे पुढे सरकते. ग्रेगरी पिंकस यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिले, की सशाच्या मादीचे बीज त्याच्या पुटकातून नुसते बाहेर काढले तरी थांबलेले विभाजन आपोआप सुरू होते. मानवी बीजाला त्यासाठी साधारण १२ तास पुरतात, असेही त्यांनी नोंदवले. लंडनच्या मिल हिलमधल्या संशोधन संस्थेत काम करताना एडवर्ड्स त्याच आकड्यावर विसंबले. एजवेअरच्या रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॉली रोज त्यांना शस्त्रक्रियेत काढलेल्या बीजांडकोशाचे तुकडे देत. ऊतक क्वचितच मिळे आणि दर वेळी १२ तासांनी बीज होते तसेच दिसे. जुना आकडा न तपासता गृहीत धरला की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही. शेवटी त्यांनी बीजे अधिक काळ राखून पाहिली. चोविसाव्या तासापर्यंतही काही नव्हते. पंचविसाव्या तासाच्या सुमारास पहिली हालचाल दिसली आणि पूर्ण पक्वतेला ३६ तासांच्या आसपास लागले.

यावर आक्षेप असा, की लुईसचे बीज प्रयोगशाळेत पिकलेलेच नव्हते. ते आईच्या नैसर्गिक चक्रात पिकले होते. हे खरे आहे. १९६९मध्ये एडवर्ड्स, बॅरी बॅविस्टर आणि स्त्रीरोगतज्ज्ञ पॅट्रिक स्टेप्टो यांनी प्रयोगशाळेत पिकवलेल्या बीजांचे फलन ‘नेचर’मध्ये जाहीर केले, पण त्या गर्भांची वाढ पुरेशी होईना, म्हणून ती वाट त्यांनी सोडली. कोवळा आंबा आढीत घातला तर वरून पिवळा होतो, आतून मात्र आंबट राहतो. बीजाचेही तसेच होते. केंद्रक पक्व होते, भोवतीच्या पेशीद्रव्याची तयारी मागे पडते. मात्र स्टेप्टो यांनी लुईसच्या आईचे बीज दुर्बिणीने काढायचे ते नेमके कधी, हे कोण सांगणार होते? संप्रेरकाची उसळी लघवीत दिसल्यापासून तास मोजायचे, ही रीत एडवर्ड्स यांच्या तबकड्यांमधूनच आली. वाट सोडली, तिथे मिळालेले वेळापत्रक सोबत राहिले.

सोडलेल्या वाटेवर परतायला दोन दशके लागली. १९९१मध्ये कोरियात चा क्वांग-युल यांच्या गटाने दान मिळालेल्या कच्च्या बीजांपासून झालेल्या तिळ्यांच्या जन्माची नोंद केली. १९९४मध्ये मेलबर्नला अ‍ॅलन ट्राउन्सन यांच्या गटाने पीसीओएस (बीजांडकोशाचा संप्रेरकांशी निगडित विकार) असलेल्या स्त्रीची स्वतःची बीजे पिकवून यश मिळवले. अशा स्त्रियांचे बीजांडकोश संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी धोकादायकरीत्या सुजू शकतात, म्हणून हा पर्याय त्यांच्यासाठी मोलाचा.

यश कमी मिळते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. व्हिएतनाममधल्या ५४६ स्त्रियांच्या २०२०च्या चाचणीत पहिल्या गर्भरोपणानंतर मूल जन्मण्याचे प्रमाण आयव्हीएममध्ये ३५.२ टक्के, तर आयव्हीएफमध्ये ४३.२ टक्के होते. बीजांडकोशाची सूजही आता आयव्हीएफमध्ये बरीच टाळता येते. त्या चाचणीत ती आयव्हीएफच्या ०.७ टक्के स्त्रियांनाच झाली, आयव्हीएमच्या एकीलाही नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांना आयव्हीएम सुचवणे चुकीचे ठरेल. पण याच चाचणीतली पद्धत पाहावी: बीज लगेच पिकू न देता आधी २४ तास मुद्दाम रोखून धरले होते, केंद्रकाने घाई करू नये आणि पेशीद्रव्याला अवधी मिळावा म्हणून. म्हणजे प्रश्न अजून एडवर्ड्स यांचाच आहे, तासांचा. आणि कर्करोगाचे उपचार तातडीने सुरू करायचे असलेल्या तरुणीला इंजेक्शनांसाठी दोन आठवडे थांबता येत नसेल, तर तिची कच्ची बीजे काढून प्रयोगशाळेत पिकवणे आणि गोठवून ठेवणे शक्य असते. तिच्यापुरती तुलना ४३ टक्क्यांशी नसते, शून्याशी असते.