मणी उरतो, दोरा जातो

नेवासे म्हटले की ज्ञानेश्वरी आणि पैसाचा खांब आठवावा, हे आपल्याला साजेसेच आहे. पण त्याच गावी, प्रवरेकाठच्या लाडमोड टेकडीवर, १९५४ पासून डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकळियांनी जी उत्खनने केली, त्यांत निघालेली एक वस्तू आपल्या आयाबहिणींच्या कानावर फारशी आलेली नाही. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पुरलेल्या एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि नवल असे की मण्यांच्या आतला दोरा थोडा का होईना शिल्लक होता! ए. एन. गुलाटी या तंतुतज्ज्ञांनी तो तपासला. त्यात कापूस होता आणि रेशीमही होते, असे त्यांचे टिपण १९६१ साली प्रसिद्ध झाले.

दोरा टिकला तो तांब्याच्या कृपेने. गंजाचे क्षार धाग्यात मुरले, की त्याला कुजवणाऱ्या जंतूंचे काही चालत नाही. मोहेंजोदडोचे सुती कापडही असेच चांदीच्या भांड्याला चिकटून राहिल्यामुळे वाचले. एरवी मातीत मणी तेवढा उरतो. नेवाशाला, पैठणला, तेरला काचेचे आणि दगडाचे मणी चिक्कार निघाले. पण त्यांतला कुठला गळ्यात होता आणि कुठला कुणा बाईने चोळीच्या काठावर टाचला होता, हे सांगायला कापड आहे कुठे?

माळ ओवणे निराळे आणि कापडावर मणी भरणे निराळे. ओवताना दोरा नुसता पुढे जातो. भरताना त्याला दर पावलाला मागे वळावे लागते. मणी सुईत घ्यायचा, टाका घालायचा, खालून सुई मागे आणून त्याच मण्यातून पुन्हा काढायची. आपली उलटी टीपच ही. काम झटपट उरकायचे असेल तर पाचसहा मणी एकदम दोऱ्यावर घेऊन आडवे टाकतात आणि दुसऱ्या दोऱ्याने मधे मधे बांधतात. दिसायला दोन्ही सारखेच. पण दुसऱ्या तऱ्हेत एक दोरा तुटला की आख्खी ओळ घरंगळते. उलट बाजू पाहिल्याशिवाय भरतकामाची परीक्षा करू नये, ती यासाठी.

मातीने कापड राखले नाही, तेव्हा ही विद्या जित्या हातांतच शोधायला हवी. आपल्या जिल्ह्यात ती पाथर्डीकडच्या लमाण तांड्यांत होती. फेटिया, कांचळी आणि ओढणी यांवर आरसे, कवड्या आणि काचमणी असे घट्ट बसवलेले, की ते वस्त्र अंगावर वागवायलाही बळ लागावे. आणि केवळ माणसांनाच नव्हे, तर बैलांच्या कपाळालाही कवड्यांचे भरीव साज! बैल हीच त्यांची दौलत होती. १२ ऑगस्ट १८०३ रोजी नगरचा किल्ला वेलस्लीच्या हाती पडला, हे मुलांकडून आपण पाठ करून घेतो. पण त्या मोहिमेत त्याच्या फौजेला धान्य पोचवणारे बैल लमाणांचे होते, हे कोण सांगतो? त्या बैलांचे साज शिवणाऱ्या बायकांचे तर नावच नको.

१८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे नगरावरून धावू लागली आणि पाठीवर गोण्या वाहणाऱ्या बैलाचे काम सरत गेले. १८७१ च्या कायद्याने कितीतरी तांड्यांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो १९५२ साली पुसला गेला. इतके होऊनही बायकांनी सुई सोडली नाही, याचे मला फार कौतुक वाटते. पुढे व्यापारी जुने फेटिये विकत घेऊ लागले आणि त्यांचे तुकडे शहरांतल्या पिशव्यांना नि उशांच्या अभ्र्यांना लागले.

गावातल्या घरांत मणी आला तो निराळ्या वाटेने. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, युरोपचा माल मुंबईस लवकर नि स्वस्त पोचू लागला, आणि त्यात व्हेनिसचे व बोहेमियाचे बारीक काचमणीही होते. मग बाळाच्या कुंचीला मण्यांची किनार आली, दाराला मण्यांचे तोरण आले, आणि रुखवतात मण्यांनी मढवलेला नारळ मिरवू लागला. विहिणींनी त्याला नावे ठेवली असतील, ती गोष्ट वेगळी!

वाचक भगिनींनो, दिवाळीची आवराआवर करताना ट्रंकेच्या तळाशी अशी एखादी कुंची हाती लागली, तर ती धुवायची घाई करू नका. पाण्याने आणि पिळण्याने जुने सूत आधी जाते. मणी सैल झाले असतील, तर सगळे उसवून नव्या नायलॉनवर ओवण्याचा मोहही नको. नायलॉन कडक असतो, जुन्या कापडाला तो कापतो. सैल मणी जागच्या जागी मऊ सुती दोऱ्याने टाचावेत, कुंची घडी न घालता जुन्या धोतराच्या तुकड्यात सैल गुंडाळावी, आणि ती कोणी शिवली, कोणाच्या बारशाला, कोणत्या साली, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे. घरातली सर्वांत वडील बाई जवळ असेल, तर तिला आजच विचारा.