पृच्छांचे एकीकरण आणि शून्याचा लोप

सारणीवर क्रिया केली असता तिचे फलही सारणीच असते, हे विदागारांच्या रचनेतील मूलतत्त्व एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या मांडणीतून पुढे आले. त्यामुळे एका क्रियेच्या फलावर दुसरी, तिच्या फलावर तिसरी, अशी साखळी हवी तेवढी लांबविता येते. माणसाला ही रीत सोयीची. यंत्राला मात्र प्रत्येक टप्प्याची मधली सारणी घडवीत बसणे खर्चाचे. साहजिकच अनेक टप्प्यांची एकच पृच्छा करण्याचे प्रयत्न सुरू झाले. बर्कली येथील 'इन्ग्रेस' प्रणालीसाठी मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९७५ साली सुचविलेली युक्ती साधी होती. व्याख्येने कल्पिलेल्या सारणीविषयी प्रश्न आला, तर ती सारणी न घडविता तिची व्याख्याच प्रश्नात घालावयाची.

एका प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असला म्हणजे प्रकरण बिकट होते. आतील प्रश्न बाहेरील प्रत्येक ओळीसाठी पुन्हा सोडवावा लागतो. वॉन किम यांनी १९८२ साली अशा पृच्छा सपाट करून सारण्यांच्या जोडणीत बदलण्याचे नियम दिले. लाभ मोठा होता; परंतु १९८४ साली वर्नर कीसलिंग यांनी त्यांतील एक छिद्र दाखविले. ज्या सुट्या भागांचा साठा अमुक तारखेपूर्वीच्या पुरवठ्यांच्या संख्येइतका आहे, ते भाग शोधावयाचे आहेत असे समजू. एखाद्या भागाचा साठा शून्य आणि पुरवठा एकदाही झालेला नाही, तर तो उत्तरात आलाच पाहिजे. मूळ पृच्छेत तो येतो, कारण तेथे मोजणीचे फल शून्य होते. किम यांच्या रीतीत पुरवठ्याच्या नोंदी आधीच भागवार गटांत मोजल्या जातात. ज्याची नोंदच नाही त्याचा गटही बनत नाही, आणि जोडणीत तो भाग गळून पडतो. यंत्र तक्रार करीत नाही. उत्तर अगदी निर्दोष दिसते.

व्याकरणाच्या अभ्यासकाला हा भेद परका नाही. लुप्त प्रत्यय आणि मुळात नसलेला प्रत्यय पाणिनीला एक वाटत नाहीत. लोपानंतरही प्रत्ययाचे कार्य उरू शकते.

गान्स्की आणि वाँग यांनी १९८७ साली बाह्य जोडणीचा उपाय मांडला. जोडी न मिळालेली ओळही टिकवावयाची, आणि मोजणी नंतर करावयाची. आयबीएमच्या 'स्टारबर्स्ट' प्रकल्पाने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या पुनर्लेखनाच्या नियमांत तर अटीच जोडलेल्या दिसतात. आतील प्रश्न जोडणीत विलीन करण्यापूर्वी एकाच ओळीच्या अनेक प्रती उत्तरात शिरणार नाहीत, याची खात्री तेथे आधी करून घेतली जाई.