खासबाग : करवीरच्या करमणुकीची वास्तू

कोल्हापूर शहर आणि उचगावसारखी त्याच्या लगतची गावे यांच्या सार्वजनिक करमणुकीचा इतिहास खासबाग मैदानाला वगळून लिहिता येत नाही. 1902 च्या युरोप प्रवासात रोमचे कलोसियम, म्हणजे लंबवर्तुळाकार प्राचीन क्रीडागार, पाहिलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी हे कुस्तीचे मैदान उभारले आणि 1912 मध्ये ते खुले झाले. मध्यभागी हौदा, म्हणजे तांबड्या मातीचा आखाडा, आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी रचना असल्याने मागच्या रांगेतील प्रेक्षकालाही डाव दिसतो. राजाश्रयाच्या खेळात सामान्य माणसाच्या नजरेचा इतका विचार होणे, हीच या वास्तूची खरी थोरवी होय. शेजारी 1915 मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे राहिले आणि कुस्तीलगतच संगीत नाटकही नांदू लागले. 2024 च्या आगीत या नाट्यगृहाची मोठी हानी झाली.